जुन्या बोटीला वेकसर्फिंगची यंत्रणा बसवता येते का? कुरुंदवाडच्या संगमावरून समजून घ्या वजनाचं आणि लाटेचं गणित

एक बोट संथ वेगात चालली आहे. तिच्या मागे कंबरेएवढी लाट उठली आहे आणि एक पोरगा फळीवर उभा राहून त्या लाटेवर घसरतोय. हातात दोरीसुद्धा नाही. समुद्र नाही, वादळ नाही, साधं तळ्याचं पाणी. असं रील तुमच्याही मोबाइलवर कधीतरी येऊन गेलं असेल. या खेळाला म्हणतात वेकसर्फिंग.

अशा रीलखाली एक प्रश्न हमखास विचारला जातो. यासाठी कोट्यवधींची नवी बोटच लागते, की आपल्याकडच्या जुन्या बोटीला काहीतरी बसवून काम भागतं?

थोडक्यात उत्तर असं, की काही जुन्या बोटींना बसवता येतं. बाजारात त्यासाठी पाण्याच्या पिशव्या, पंप, मागे लावायच्या पट्ट्या असं सगळं सुटं मिळतं. पण आपल्याकडे धरणात, खाडीत आणि नदीत दिसणाऱ्या बहुतेक बोटींना ते अजिबात बसवू नये.

आता यात कुरुंदवाडचा काय संबंध? शिरोळ तालुक्यातलं हे गाव कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमाला लागून आहे. शेजारी नृसिंहवाडी, कृष्णेच्या पलीकडे औरवाड. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर इथल्या माणसांनी पाहिलेत. पुरात बाहेर पडायचं तर नाव, नाहीतर यांत्रिक बोट. एखाद्या बोटीत वजन टाकलं, ते एका बाजूला सरकवलं आणि मागे इंजिन लावलं की नेमकं काय होतं, हा प्रश्न अमेरिकेतल्या तळ्यावर मौजेचा आहे. कृष्णाकाठी तोच प्रश्न जिवाचा होतो. आणि दोन्हीकडे गणित एकच आहे.

वेकसर्फिंग म्हणजे नेमकं काय?

बोट पाण्यातून जाते तेव्हा ती पाणी बाजूला सारते. बोट पुढे गेली की ते पाणी पुन्हा जागेवर यायला धावतं. त्यातून मागे जी लाट उठते तिला इंग्रजीत वेक म्हणतात. त्या लाटेवर फळी घेऊन घसरायचं, म्हणजे वेकसर्फिंग.

वॉटर स्कीइंगमध्ये बोट माणसाला दोरीने ओढत नेते. वेकसर्फिंगमध्ये दोरी फक्त उभं राहण्यापुरती लागते. एकदा लाटेच्या उतारावर जम बसला की दोरी बोटीत फेकून द्यायची. पुढे लाटच माणसाला ढकलत राहते. बोटीचा वेग साधारण ताशी १६ ते १९ किलोमीटर, म्हणजे आरामात चालवलेल्या सायकलएवढा. खेळणारा बोटीच्या मागे अगदी जवळ, काही मीटरवरच असतो. ही जवळीक लक्षात ठेवा, पुढे तिचा मुद्दा येणार आहे.

मोठी लाट हवी, तर बोट जड करा

कृष्णाकाठी होड्यांच्या शर्यती होतात. शर्यतीची होडी लांब, अरुंद आणि हलकी असते. ती पाणी कमीत कमी सारते, म्हणून वेगाने पळते आणि मागे लाट जवळजवळ सोडत नाही. होडी बांधणाऱ्याचं सगळं कसब लाट कमी करण्यात असतं.

वेकसर्फिंगची बोट याच्या बरोब्बर उलटी. तिला लाट हवी असते. म्हणून ती मुद्दाम जड करतात, मुद्दाम हळू चालवतात आणि तिचा मागचा भाग मुद्दाम पाण्यात दाबतात. बोट जितकं जास्त पाणी सारेल तितकी लाट मोठी. या मुद्दाम भरलेल्या वजनाला बॅलास्ट म्हणतात.

वजनाला सगळ्यात स्वस्त माल कुठला? पाणी. ते बोटीखालीच असतं. पंप लावला की आत, पुन्हा लावला की बाहेर. आजच्या नव्या वेकसर्फ बोटींमध्ये दीड ते दोन टन पाणी भरण्याची सोय कारखान्यातूनच केलेली असते. जुन्या बोटींमध्ये ती नसते किंवा अगदी थोडी असते. म्हणून मग सुट्या यंत्रणेचा बाजार उभा राहिला.

या यंत्रणेत असतं काय?

मुख्य वस्तू तीनच.

पहिली, पाण्याच्या पिशव्या. जाड, मजबूत कापडाच्या या पिशव्या बोटीच्या मागच्या कोपऱ्यांत, बाकाखाली किंवा नाळेत, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागात ठेवतात. एका मोठ्या पिशवीत साडेतीनशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणजे एक पिशवी भरली की बोटीत पाच धडधाकट माणसं बसल्यासारखं झालं.

दुसरी, पंप आणि पाइप. पिशवी भरायला आणि रिकामी करायला. सुटा पंप बोटीच्या काठावरून पाण्यात सोडून काम करता येतं. कायमची सोय करायची असेल तर बोटीच्या तळाला भोक पाडून पाइप आणि व्हॉल्व्ह बसवावा लागतो.

तिसरी, लाटेला आकार देणारी पट्टी. हा भाग जरा गमतीचा आहे. बोटीच्या मागे डावं आणि उजवं पाणी एकमेकांकडे धावतं आणि भिडतं. दोन्ही एकाच वेळी भिडली तर नुसता फेस आणि खळबळ. पण एका बाजूच्या पाण्याला थोडा अडथळा केला, तर ते उशिरा पोचतं आणि दुसऱ्या बाजूची लाट स्वच्छ, लांब आणि गुळगुळीत उठते. म्हणून डाव्या बाजूला लाट हवी असेल तर पट्टी उजवीकडे लावतात. काही पट्ट्या रबरी चोषकाने बोटीच्या कडेला चिकटतात. काही बोटीच्या मागच्या फळीला बोल्टने पक्क्या बसवतात आणि बटणाने उघडतात-मिटतात.

या पट्ट्या येण्याआधी एकच उपाय होता. सगळं वजन एका कोपऱ्यात टाकायचं आणि बोट एका बाजूला कलती करून चालवायची. २०१३ च्या मॉडेलपासून मालिबू आणि नॉटिक या अमेरिकी कंपन्यांनी पट्टीची यंत्रणा कारखान्यातच बसवून द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून बोट सरळ ठेवूनही लाट मिळू लागली. सुट्या पट्टीचा खरा फायदा हाच. ती लावली की वजन एकाच बाजूला कोंबावं लागत नाही.

कुठल्या बोटीला हे कधीच करू नये?

इथे तो जवळिकीचा मुद्दा येतो. खेळणारा बोटीच्या मागे काही मीटरवर असतो. तो पुढे पडला तर सरळ बोटीच्या मागच्या फळीशी येतो. तिथे फिरता पंखा असेल तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून वेकसर्फिंग फक्त अशा बोटीमागे करतात जिचं इंजिन आत असतं आणि पंखा बोटीच्या पोटाखाली, मागच्या फळीच्या बराच पुढे असतो. अशा बोटीला इनबोर्ड म्हणतात. मागे लटकवलेलं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड किंवा बोलीभाषेत ओबीएम, असलेल्या बोटीमागे हा खेळ खेळत नाहीत. इंजिन आत पण पंखा मागे बाहेर, अशा बोटीमागेही नाही. व्होल्वो पेंटा कंपनीने २०१५ मध्ये पंखा पुढच्या बाजूला तोंड करून बोटीखाली घेणारी रचना आणली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून.

आता आपल्याकडे बघा. मालवण-तारकर्लीच्या पर्यटन बोटी, धरणांवरच्या स्पीडबोटी, पूरबचावाच्या रबरी बोटी. यांतल्या बहुतेकांना मागे ओबीएम लटकवलेलं असतं. म्हणजे पिशव्या आणि पट्ट्या कितीही स्वस्तात मिळाल्या तरी या बोटी या खेळासाठी बाद. इथे जुगाड चालत नाही.

दुसरा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नाही. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. बोट हळू चालते आणि मागून दबलेली असते तेव्हा हा वायू बोटीच्या मागेच साचतो. नेमका तिथेच खेळणारा असतो आणि मागच्या फळीवर पाय सोडून बसलेली मंडळीही. जुन्या इंजिनाचा धूर जास्त असतो, म्हणून धोकाही जास्त. बोट चालू असताना मागच्या फळीवर कुणीही बसायचं नाही, हा यातला पहिला नियम आहे.

एक माणूस, एक सेंटीमीटर

समजा बोट योग्य प्रकारची आहे. मग तिच्यात किती पाणी भरायचं? इथून पुढचं गणित वेकसर्फिंगवाल्यांसाठी जितकं आहे, तितकंच नावेत बसणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

बोट पाण्यात असताना पाण्याच्या पातळीपासून तिच्या वरच्या कडेपर्यंत जी उंची उरते, ती बोटीची खरी शिल्लक. ती संपली की पाणी आत. ही शिल्लक वजनाने किती कमी होते, याचा अंदाज कागदावर काढता येतो.

सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद बोट घ्या. गुणाकार बारा चौरस मीटर. पण बोट पुढे निमुळती असते, म्हणून साधारण सत्तर टक्के धरू. झाले ८.४ चौरस मीटर. ही बोट एक सेंटीमीटर खाली बसायची तर तिला ८४ लिटर पाणी सारावं लागेल, म्हणजे तिच्यावर ८४ किलो वजन पडावं लागेल.

साडेतीनशे किलोची एक पिशवी भरली की बोट चार सेंटीमीटर खाली. दोन पिशव्या आणि वर पाच माणसं म्हणजे साधारण हजार किलो. बोट बारा सेंटीमीटर खाली. हे वजन सगळीकडे सारखं पसरलं असेल तर. ते मागच्या एका कोपऱ्यात असेल तर तो कोपरा याहून बराच खाली जातो आणि समोरचा कोपरा वर उचलला जातो.

आता हेच गणित नावेला लावू. सात मीटर लांब, दीड मीटर रुंद नाव. त्याच हिशेबाने दर सेंटीमीटरला सुमारे ७३ किलो. म्हणजे सोप्या भाषेत, एक माणूस, एक सेंटीमीटर. प्रत्येक नाव वेगळी, तिचा आकडा थोडा वेगळा येईल. पण अंदाजाला हे पुरतं. नावेत दहा माणसं बसली की ती दहा सेंटीमीटर खाली जाते, तीस बसली की तीस.

समजा या नावेची रिकामी असताना ४५ सेंटीमीटर कड पाण्यावर आहे. तीस माणसं बसल्यावर १५ उरली. वीतभरसुद्धा नाही. तरीही नाव तरंगते आहे, म्हणून सगळ्यांना वाटतं की ठीक आहे.

मग नाव थोडी कलते. दीड मीटर रुंदीची नाव फक्त दहा अंश कलली तर खालची कड १३ सेंटीमीटर खाली जाते. पंधरातून तेरा गेले, उरले दोन. एवढ्यात एखादी छोटी लाट आली की पाणी आत. बुडायला वादळ लागत नाही.

हलणारं वजन सगळ्यात वाईट

परातीत अर्धं पाणी घेऊन चालून बघा. परात जरा कलली की सगळं पाणी त्या बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. पाणी गच्च भरून झाकण लावलेला डबा असा त्रास देत नाही, कारण आत पाण्याला धावायला जागाच नसते.

बोटीत नेमकं हेच होतं. म्हणून पाण्याची पिशवी भरायची तर पूर्ण भरायची, हवा काढून टाकायची आणि पट्ट्याने बांधायची. अर्धी भरलेली, मोकळी पिशवी वळणावर घरंगळते आणि बोटीला आपल्यासोबत घेऊन जाते.

नावेच्या तळात साचलेलं पाणी म्हणजे अशीच अर्धी परात. चार बोटं पाणी दिसतं, पण ते पसरलेलं असतं. नाव कलली की सगळं एका कडेला जातं. नावाडी सारखं पाणी उपसत असतो ते उगाच नाही.

माणसं हे याहून मोठं हलणारं वजन. पाण्यात काही दिसलं, कुणी हाक मारली किंवा कुणी घाबरून उभं राहिलं की दहा जण एकाच बाजूला वळतात. त्या क्षणी सातशे किलोची पिशवी एका कोपऱ्यात सरकलेली असते. उभं राहिल्याने आणखी एक गोष्ट होते. वजनाचा मध्य वर जातो आणि बोट जास्त सहज कलते. म्हणून नावेत खाली बसायला सांगतात.

आकड्यांच्या मागची माणसं

८ ऑगस्ट २०१९. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, कुरुंदवाडच्या वरच्या अंगाला कृष्णाकाठी असलेल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. तीसच्या आसपास लोक बोटीत असल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. सतरा जणांचा जीव गेला, त्यात बायका आणि लहान मुलं होती. पाणी वाढत असताना दुसरी बोट कधी येईल याची खात्री नसते. अशा वेळी पुढे आलेल्या माणसाला मागे थांब म्हणणं किती अवघड असतं, हे पुरातल्या माणसालाच कळतं. पण ज्या नावेत पंधरा माणसं सुखरूप पार होतात, तीच नाव तीस माणसांना घेऊन कुणालाच पार नेत नाही, असं होऊ शकतं.

२१ मे २०२४. उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक जण पोहून काठाला लागला. मोठ्या जलाशयावर वाऱ्याला अडवायला काही नसतं, त्यामुळे लाटा झपाट्याने वाढतात. पाण्यावर उरलेली कड याच वेळी कामाला येते.

१८ डिसेंबर २०२४. मुंबईच्या समुद्रात एलिफंटाकडे निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. त्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती आणि ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं. पंधरा जणांचा मृत्यू झाला. इंजिनाची चाचणी माणसांच्या वाटेवर घेऊ नये, हा धडा बोट कितीही छोटी असली तरी लागू पडतो.

काष्ठ नावेला इंजिन लावलं की काय बदलतं?

कृष्णाकाठी वेकसर्फिंगची पिशवी कुणी विकत घेणार नाही. पण वल्ह्याच्या जुन्या नावेला इंजिन लावण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. ती कल्पना वाईट नाही. पुराच्या ओढीत वल्ही कमी पडतात. मात्र गणित तेच राहतं.

पंचवीस-तीस अश्वशक्तीचं ओबीएम साधारण पन्नास ते सत्तर किलोचं. सोबत इंधनाची टाकी आणि ते चालवणारा माणूस. दीडशे किलोच्या आसपास वजन नावेच्या अगदी टोकाला येऊन बसतं. मागची कड खाली जाते, नाळ वर उचलते. वेग घेतला की नाळ आणखी वर. एकदम थांबवलं की मागे उठलेली लाट नावेला गाठते आणि मागच्या खाली गेलेल्या कडेवरून आत येऊ शकते.

शिवाय वल्ह्याच्या नावेची मागची बाजू इंजिनाचा रेटा सोसायला बांधलेली नसते. वल्ह्याचा जोर दोन्ही कडांवर वाटला जातो, इंजिनाचा सगळा जोर एका फळीवर येतो. लाकूड आतून कुजलं असेल तर बाहेरून कळत नाही. फायबरच्या जुन्या बोटींतही हेच. वरचा थर चकचकीत असतो आणि आतलं लाकूड किंवा फोम पाणी पिऊन जड झालेला असतो. मागच्या फळीवर लाकडी हातोडीने हलकेच ठोकून बघतात. टणक आवाज आला तर बरं, दबका आला तर आत गडबड आहे.

वेकसर्फिंगची पट्टी बोल्टने बसवतानाही पहिली तपासणी याच फळीची करतात. भोक पाडलं आणि ते नीट बुजवलं नाही, तर तिथूनच पाणी आत शिरून कूज सुरू होते. जुन्या बोटीवर जादा वजन टाकलं की इंजिनही धापा टाकतं. त्यासाठी पंखा बदलावा लागतो, कमी अंतर कापणारा पण जास्त जोर देणारा. चढावर ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये घेतो, तसंच हे. पंप वाढले की बॅटरी आणि वायरिंगही वाढवावं लागतं. म्हणजे स्वस्तात सुरू झालेलं काम बघता बघता बोटीच्या किमतीला भिडतं.

मग संगमावर वेकसर्फिंग होईल का?

उत्साही मंडळी हा प्रश्न विचारणारच. त्याचं उत्तर बोटीत नाही, नदीत आहे.

मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये अशा बोटींच्या लाटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या बोटीची लाट दोनशे फुटांवर जेवढी उरते, तेवढी खाली यायला वेकसर्फ बोटीच्या लाटेला पाचशे फुटांहून जास्त अंतर लागतं, असं त्यात आढळलं. पाचशे फूट म्हणजे सुमारे दीडशे मीटर. दोन्ही काठांपासून दीडशे मीटर सोडायचे तर नदीचं पात्र किमान तीनशे मीटर रुंद हवं. नृसिंहवाडीच्या घाटावर उभं राहून पलीकडचा काठ बघा, उत्तर मिळेल.

इथे काठाला काय काय असतं? घाटावर स्नान करणारे भाविक, कपडे धुणाऱ्या बायका, पाण्यात उतरलेली जनावरं, शेतीपंपांच्या मोटारी आणि पाइप. आणि मळीची जमीन. दर पुराला गाळ आणून नदीनेच तयार केलेली ही सुपीक माती मऊ असते. पाणी उतरताना ती आधीच ढासळत असते. त्यात दिवसभर लाटांचे तडाखे बसले तर उसाच्या सऱ्या नदीत जायला वेळ लागणार नाही.

पंचगंगेत जलपर्णी वाढते, ती वेगळीच. इथल्या भाषेत केंदाळ. ते पंख्याला गुंडाळलं की बोट जागेवर थांबते. इंजिन थंड ठेवायला जे पाणी आत ओढलं जातं, त्याची जाळीही केंदाळाने तुंबते आणि इंजिन तापतं. पूरबचावातही हीच अडचण येते. पाण्याखाली गेलेल्या उसात, झाडाच्या फांद्यांत आणि कुंपणाच्या तारांत पंखा अडकतो. अशा वेळी इंजिन बंद पडलेली, भरलेली बोट ओढीला आडवी होते. म्हणून यांत्रिक बोटीतही वल्ही लागतातच.

कायदा काय म्हणतो?

नदी, तलाव आणि धरणांतल्या बोटींसाठी देशात आता अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ आहे. त्याने १९१७ चा जुना कायदा बदलला. यांत्रिक बोटीची तपासणी आणि नोंदणी त्यानुसार बंधनकारक आहे, आणि बोटीच्या रचनेत बदल करायचा तरी संबंधित अधिकाऱ्याची मंजुरी लागते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येतं.

याचा अर्थ सरळ आहे. बोटीचा परवाना ती तपासली तेव्हा जशी होती, त्या बोटीचा असतो. नंतर तिच्यात इंजिन, टाकी, छप्पर किंवा पाण्याच्या पिशव्या वाढवल्या, तर परवान्यावर लिहिलेली माणसांची संख्या जुन्या बोटीची राहते. अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान मोटरबोटींवर किती माणसं आणि किती वजन चालेल याची पाटी लावावी लागते. पिशवीतलं पाणीही त्याच वजनात धरायचं असतं. साडेतीनशे किलो पाणी भरलं, तर पाच माणसं काठावर उतरवायची.

बोटीत काही बसवण्याआधी, किंवा बोटीत स्वतः बसण्याआधी

बोट तुमची असेल तर:

- बोट रिकामी असताना आणि भरल्यावर पाण्यावर किती कड उरते ते पट्टीने मोजा. चारही कोपऱ्यांवर मोजा आणि रंगाने खूण करा.
- नवीन वजन वाढलं की तेवढी माणसं कमी करा. इंजिन, इंधन आणि सामान हेही वजनच.
- मागची फळी, तळ आणि जुनी भोकं जाणकाराकडून तपासून घ्या. त्यानंतरच बोल्ट बसवा.
- पहिली चाचणी माणसांशिवाय, काठाजवळ, शांत पाण्यात आणि रहदारीपासून लांब घ्या.
- पाणी उपसायचा पंप आणि हाताने उपसायचं भांडं, दोन्ही ठेवा.

बोटीत बसणारे तुम्ही असाल तर:

- लाइफ जॅकेट अंगात घालून बंद लावा. ते बाकाखाली ठेवून उपयोग नाही.
- मधोमध आणि खाली बसा. उभं राहू नका, एका बाजूला गर्दी करू नका.
- वीतभर कड पाण्यावर दिसत नसेल तर थांबा आणि पुढची फेरी घ्या.
- सेल्फीसाठी सगळे एका कडेला सरकले, की त्या बोटीचं काय होतं हे आता तुम्हाला माहीत आहे.

रीलमधली ती बोट मुद्दाम पाण्यात दाबलेली असते. तिला किती दाबायचं हे आधी मोजलेलं असतं, आणि पिशव्यांतलं पाणी बटण दाबलं की बाहेर काढता येतं. पुरातल्या नावेला तसं बटण नसतं. तिथलं वजन आधीच मोजावं लागतं, काठावर उभं असताना.